कोल्हापूर–मुंबई हवाई अंतर : एका मापाचा इतिहास

कोल्हापूर शहराच्या आग्नेयेस उजळाईवाडी येथे असलेला विमानतळ आणि मुंबईचा सांताक्रूझ येथील विमानतळ यांमधील सरळ अंतर सुमारे ३०८ किलोमीटर भरते. जुन्या इंग्रजी मापाने ते १९१ मैल, आणि वैमानिकांच्या मापाने १६६ सागरी मैल होय. विमानसेवा चालू असते तेव्हा वेळापत्रकात हा प्रवास तासाभराच्या आसपास दाखविलेला असतो. याच दोन नगरांमधील अंतर लोहमार्गाने ५१८ किलोमीटर व रस्त्याने पावणेचारशे किलोमीटरांच्या थोडे पुढेमागे आहे. आगगाडी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपाशी थांबते आणि विमान सांताक्रूझला उतरते, हा टोकांतील फरक जमेस धरला तरी आकड्यांतील तफावत मोठीच राहते. तेव्हा कोल्हापूर मुंबईपासून किती दूर आहे, या साध्या प्रश्नाला निदान तीन उत्तरे आहेत आणि तिन्ही खरी आहेत. ती कोठून आली आणि त्यांपैकी कोणते केव्हा उपयोगी ठरले, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

प्रथम भाषेची साक्ष घ्यावी. अंतरासाठी आपल्याकडे जे जुने शब्द चालत आले त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी लांबी नाही. ‘कोस’ हा शब्द संस्कृत ‘क्रोश’ यापासून आला असून त्याच्या मुळाशी ‘क्रुश्’, म्हणजे ओरडणे, हा धातू आहे. मनुष्याची हाक जेथवर पोहोचेल ते अंतर म्हणजे क्रोश, असा त्याचा मूळ भाव. मराठीतील ‘हाकेच्या अंतरावर’ हा वाक्प्रचार तोच भाव नकळत पुन्हा उच्चारतो, मात्र तेथे अंतर अगदी थोडके असते आणि कोस हा साधारणपणे दोन मैलांचा धरला जाई. इतक्या लांब कोणाचीही हाक जात नाही. शब्द मूळ अर्थापासून असा दूर सरकतो तेव्हा त्याचे माप झाले असे समजावे. ‘योजन’ हा शब्द ‘युज्’, म्हणजे जुंपणे, या धातूपासून आला. एकदा जुंपलेली जनावरे न सोडता जेवढी वाट चालतील तेवढे ते योजन. ‘मजल’ हा अरबी ‘मंझिल’ या शब्दाचा मराठी अवतार असून प्रवाशाने मुक्कामासाठी उतरावयाचे स्थान हा त्याचा मूळ अर्थ. घराचा ‘मजला’ त्याचाच भाऊबंद होय. ‘मजल दरमजल’ चालणाऱ्या सैन्याची वाट मैलांत सांगितली जात नसे, ती मुक्कामांत सांगितली जाई. आळंदीहून पंढरपुरास जाणाऱ्या पालखीची वाट आजही वारकऱ्यांच्या तोंडी मुक्कामांच्या नावांनीच असते.

ही सारी मापे चालणाऱ्याच्या किंवा ओढणाऱ्याच्या शक्तीची आहेत. चढावर कोस लांबतो, सपाटीवर आखूड होतो, आणि प्रदेशागणिक त्याची लांबी निराळी निघते. याबद्दल एकोणिसाव्या शतकातील इंग्रज अधिकाऱ्यांनी पुष्कळ त्रागा केलेला आढळतो. परंतु त्या मापाची ती उणीव मानण्याचे कारण नाही. घाट चढून जाणाऱ्या बैलगाडीवाल्याला दिवस मावळण्यापूर्वी पाणी आणि वैरण मिळेल अशा ठिकाणी पोहोचू की नाही, एवढेच हवे असते. त्याला उत्तर देणारे माप त्याच्यापुरते अचूकच म्हटले पाहिजे. ‘अंतर’ या शब्दाचाच व्याप पाहावा. स्थळांमधील अवकाश, दोन काळांमधील मुदत, दोन वस्तूंमधील भेद आणि दोन माणसांमधील दुरावा हे चारही अर्थ तो एकाच वेळी वाहतो.

सरळ रेषेत मोजलेले अंतर ही कल्पना व्यवहारात आली ती भूमापनाबरोबर. विल्यम लॅम्बटन याने मद्रासेकडून आरंभिलेले त्रिकोणमितीय सर्वेक्षण पुढे जॉर्ज एव्हरेस्ट याने उत्तरेस हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले. लॅम्बटन हा १८२३ साली काम चालू असतानाच वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे मरण पावला. एक पायारेषा जमिनीवर साखळीने अत्यंत काळजीपूर्वक मोजावयाची, आणि मग तिच्या टोकांवरून दूरच्या टेकडीचे कोन थिओडोलाइटने घेऊन बाकीच्या बाजू गणिताने काढावयाच्या, अशी ती पद्धती होती. या पद्धतीने, ज्या वाटेने कोणी कधी चालले नाही अशा वाटेचे अंतर प्रथमच नेमके सांगता येऊ लागले. मधले डोंगर, नद्या, घाट, मुक्काम हे सारे हिशेबातून गळले. कोल्हापूर व मुंबई यांमधील ३०८ किलोमीटर हा आकडा या परंपरेतला आहे. तो कागदावर मिळाल्यानंतर कितीतरी वर्षे त्याचा प्रवाशाला काडीचाही उपयोग नव्हता.

हा आकडा काढण्याची रीत पाहण्यासारखी आहे. उजळाईवाडीच्या विमानतळाचे अक्षांश सुमारे १६ अंश ४० कला व रेखांश ७४ अंश १७ कला असे आहेत. मुंबईच्या विमानतळाचे अक्षांश १९ अंश ५ कला, रेखांश ७२ अंश ५२ कला. म्हणजे मुंबई कोल्हापूरच्या उत्तरेस १४५ कला आणि पश्चिमेस ८५ कला आहे. अक्षांशाची एक कला म्हणजेच एक सागरी मैल, अशी त्या मापाची मूळ कल्पना असल्याने उत्तरेकडील अंतर १४५ सागरी मैल झाले. रेखांशाच्या रेषा मात्र ध्रुवांकडे एकमेकींजवळ येत जातात. त्यामुळे सुमारे १८ अंश अक्षांशावर ८५ कलांचे अंतर ८१ सागरी मैलांच्या आसपास उरते. या दोन बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढला की १६६ सागरी मैल हाती येतात. पृथ्वीच्या वक्रतेमुळे दूरच्या प्रवासात हे गणित बदलते आणि महावृत्ताचा विचार करावा लागतो. इतक्या जवळच्या दोन स्थळांत तो फरक नगण्य असतो. १९२९ साली मोनॅको येथे भरलेल्या जलमापन परिषदेत सागरी मैल १८५२ मीटरांचा ठरविण्यात आला. भारताने १९५६ च्या कायद्याने दशमान मापे स्वीकारली आणि रस्त्यावरचे मैलाचे दगड पुढे किलोमीटरांचे झाले; आकाशात मात्र सागरी मैल आणि ‘नॉट’ हेच चालू आहेत. नॉट म्हणजे गाठ. जहाजावरून पाण्यात सोडलेल्या दोरीच्या गाठी मोजून वेग ठरविण्याची खलाशांची रीत विमानाच्या वेगात अशी टिकून राहिली आहे.

येथे ‘विमान’ या शब्दाकडे लक्ष जाणे साहजिक आहे. त्याच्या मुळाशी ‘मा’, म्हणजे मोजणे, हा धातू आहे. परिमाण, प्रमाण, अनुमान हे शब्द त्याच कुळातले. ऋग्वेदात ‘विमान’ हा शब्द अवकाश मापणारा, ओलांडणारा अशा अर्थाने येतो. देवांचे आकाशयान, राजवाडा, मंदिराचे शिखर हे अर्थ नंतरचे होत. विसाव्या शतकात यंत्राला नाव देताना पुराणांतील आकाशयानच डोळ्यांपुढे होते यात शंका नाही. तथापि सर्वांत जुना अर्थ या यंत्राला अधिक चपखल बसतो, हा योगायोग नोंदण्यासारखा आहे. ‘विमानतळ’ या शब्दातील ‘तळ’ तर अस्सल जमिनीवरचा आहे. सैन्याचा तळ, पालखीचा तळ, गाडीतळ या शब्दांच्या रांगेत तो बसतो. मजलीचा काळ संपला तरी मुक्कामाचा शब्द असा मागे राहिला.

कोल्हापूर आणि मुंबई यांमधील जमिनीवरच्या वाटेचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. भोर घाटातील लोहमार्ग १८६३ साली पुरा झाला. मिरज–कोल्हापूर हा फाटा कोल्हापूर संस्थानाने स्वतःच्या खर्चाने बांधविला व तो १८९१ मध्ये वाहतुकीस खुला झाला. गाडीला मिरजेपर्यंत पूर्वेस जावे लागते, तेथून पुण्याकडे उत्तरेस वळावे लागते आणि नंतर घाट उतरावा लागतो. ३०८ चे ५१८ झाले ते या वळणांमुळे. शिवाय पुणे–कोल्हापूर मार्ग मीटरमापी असल्याने पुण्यास गाडी बदलणे भाग असे. हा मार्ग १९७१ च्या सुमारास रुंदमापी झाल्यावर महालक्ष्मी एक्सप्रेस थेट धावू लागली. तिला या प्रवासास अकरा तासांच्या आसपास लागत आले आहेत. रात्री निजावे आणि सकाळी मुंबईत उतरावे, या सवयीमुळे कोल्हापूरकरांच्या मनात मुंबई ‘एका रात्रीच्या’ अंतरावर राहिली. हे मजलीचेच माप झाले. फक्त मुक्काम डब्यात पडतो एवढेच.

टाटांचे नियमित हवाई टपाल सुरू झाले ते १५ ऑक्टोबर १९३२ रोजी. त्या दिवशी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू येथील मैदानावर टपाल आणले. त्यानंतर अवघ्या सात वर्षांत, १९३९ साली, छत्रपती राजाराम महाराजांनी उजळाईवाडीस विमानतळ उभारला. संस्थानांच्या इतिहासात विमान हे पुष्कळदा हौसेचे साधन म्हणून येते. कोल्हापूरच्या बाबतीत तेवढेच म्हणणे अपुरे होईल, कारण रेल्वेचा फाटा स्वखर्चाने आणणाऱ्या दरबाराने पुढील पिढीत विमानासाठी जमीन राखून ठेवणे यात एक सातत्य दिसते. डोंगरापलीकडील मुंबईशी सांधा जोडण्याची निकड दोन्ही वेळा तीच होती. त्या काळच्या लहान विमानांचा वेग ताशी शंभर मैलांच्या आसपास असे. त्या हिशेबाने १९१ मैलांना दोन तासांपेक्षा थोडा कमी वेळ लागावा. राजाराम महाराज १९४० मध्ये निवर्तले. महायुद्ध सुरू झालेले होते. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले.

विलीनीकरणाने अंतराच्या प्रश्नाचे स्वरूपच बदलले. तोवर कोल्हापूर ही स्वतःच एक राजधानी होती. दरबार, खजिना आणि न्यायव्यवस्था गावातच होती. १९४९ नंतर या साऱ्यांचे वरचे टोक मुंबईत गेले. विमानतळ होता तेथेच राहिला, आणि ज्या काळात मुंबईस जाण्याची गरज सर्वांत अधिक वाढली त्याच काळात त्याचा उपयोग बराच काळ नाममात्र राहिला. राज्य शासनाने पुढे धावपट्टी नव्याने बांधविली. ती १३७० मीटर लांबीची होती. १९८१ साली लहान शहरांसाठी स्थापन झालेल्या वायुदूतची विमाने काही काळ येथे येत असत. ती सेवा टिकली नाही. त्यानंतर खाजगी कंपन्यांचा काळ आला. किंगफिशरची मुंबई–कोल्हापूर सेवा २०११ च्या अखेरीस थांबली आणि २०१८ च्या एप्रिलपर्यंत मुंबईचे विमान नव्हते. सुमारे साडेसहा वर्षे ३०८ किलोमीटर हे अंतर नकाशावर होते आणि एक तास हा काळ कोठेच नव्हता.

‘उडान’ या नावाने ओळखली जाणारी प्रादेशिक विमानसेवेची योजना २०१६ साली जाहीर झाली. तिच्या घोषणेत एक वाक्य अभ्यासकाने ध्यानात ठेवण्यासारखे होते. सुमारे पाचशे किलोमीटरांच्या, म्हणजेच विमानाने सुमारे एका तासाच्या प्रवासासाठी भाड्याची मर्यादा अडीच हजार रुपये राहील, असे तीत सांगितले होते. काळ आणि लांबी यांना शासनाने येथे एकमेकांचे पर्याय मानले. योजनाच्या आणि मजलीच्या कल्पनेपासून हे फार लांब नाही. जनावराच्या जागी इंजिन आले. या योजनेखाली २२ एप्रिल २०१८ रोजी एअर डेक्कनच्या एकोणीस आसनी विमानाने मुंबई–कोल्हापूर सेवा पुन्हा सुरू झाली आणि लवकरच खंडित झाली. २०१९ मध्ये ट्रूजेट आली, तीही गेली. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी स्टार एअरने हा मार्ग घेतला. मधल्या काळात धावपट्टी १९३० मीटर झाली, आणि मार्च २०२४ मध्ये नव्या प्रवासी इमारतीचे उद्घाटन झाले.

आता तो ‘एक तास’ कसा बनतो ते पाहावे. ताशी पाचशे किलोमीटर वेगाने ३०८ किलोमीटरांना ३७ मिनिटे पुरतात. समोरून ताशी ५० किलोमीटरांचा वारा असला तर ती ४१ होतात आणि तोच वारा पाठीशी असला तर ३४. वाऱ्याचा हिशेब म्हणजे चारदोन मिनिटांचाच. उरलेली वीसेक मिनिटे जमिनीजवळ खर्ची पडतात. वेळापत्रकातील काळ हा उड्डाणाचा काळ नसतो; चाकांखालचे ठोकळे काढून विमान हलले त्या क्षणापासून ते दुसऱ्या टोकाला पुन्हा ठोकळे लागेपर्यंतचा तो काळ असतो. उजळाईवाडीच्या धावपट्टीची टोके ०७ व २५ या अंकांनी ओळखली जातात, म्हणजे ती साधारणपणे ७० व २५० अंशांच्या दिशांना रोखलेली आहे. मुंबई मात्र ३३० अंशांच्या दिशेस आहे. विमान कोणत्याही टोकाकडून उडाले तरी त्याला वळसा घेणे आले. मुंबईस तर दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे त्या एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. उतरणाऱ्या विमानांची रांग लागते, आणि कोल्हापूरचे छोटे विमान त्या रांगेत दिल्लीच्या व दुबईच्या विमानांबरोबर उभे राहते. मुंबईस उतरण्याची ठरलेली वेळ मिळणे हीच या मार्गाची खरी अडचण होती. २०१८ पूर्वी सेवा लांबत गेली तिच्या कारणांत हे एक प्रमुख कारण होते. कोल्हापूरच्या प्रवाशाचा वेळ सह्याद्रीने जितका अडविला त्याहून अधिक मुंबईच्या गर्दीने अडविला, असे म्हणावयास हरकत नाही.

जुन्या कालमापनाने तास म्हणजे अडीच घटका. या अडीच घटकांत घरून विमानतळावर जाणे, तेथे आगाऊ पोहोचणे, तपासणी आणि सांताक्रूझहून फोर्टात किंवा मंत्रालयात पोहोचणे धरलेले नाही. हे सारे मिळवले तर दारापासून दारापर्यंत अर्धा दिवस मोडतो. तरीही रात्रीच्या गाडीपेक्षा एक मोठा लाभ उरतो : गेलेला मनुष्य त्याच दिवशी परतू शकतो. तो लाभ परतीचे विमान संध्याकाळी असेल तरच पदरात पडतो. दिवसातून एकच फेरी, तीही काही वारांपुरती, असेल तर मुंबईचा मुक्काम चुकत नाही आणि तासाचा प्रवास दोन दिवसांचा होतो. कोणत्याही अंतराच्या कोष्टकात ही गोष्ट दिसत नाही. उड्डाणकालाइतकीच उड्डाणांची संख्याही अंतर ठरविते, याकडे वाहतुकीच्या इतिहासकारांनी पुरेसे लक्ष दिलेले दिसत नाही.

शिवाय ‘मुंबई’ हे टोकही स्थिर राहिलेले नाही. १९२८ पासून जुहू हे मुंबईचे विमानतळ होते. दुसऱ्या महायुद्धानंतर मुलकी विमाने जवळच्याच सांताक्रूझला गेली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले व त्या वर्षीच्या २५ डिसेंबरला तेथून प्रवासी वाहतूक सुरू झाली. उजळाईवाडीपासून तेथवरचे सरळ अंतर सुमारे २८८ किलोमीटर येते. वीस किलोमीटरांच्या या बचतीला आकाशात दोनतीन मिनिटांहून अधिक किंमत नाही. नव्या धावपट्टीवर उतरण्याची वेळ सहज मिळाली तर रांगेतील मिनिटे वाचतील आणि त्या बचतीची किंमत मोठी असेल. मात्र उच्च न्यायालयात किंवा मंत्रालयात काम असलेल्याला पुढे खाडी ओलांडावी लागेल.

अंतराचा हा वाद सर्वांत तीव्रतेने मांडला गेला तो न्यायाच्या संदर्भात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी उच्च न्यायालयाचे खंडपीठ कोल्हापुरात असावे, ही मागणी वकिलांनी व पक्षकारांनी काही दशके लावून धरली. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा पक्षकाराला मोजाव्या लागणाऱ्या अंतराचा होता : गाडीभाडे, मुंबईतील मुक्काम, बुडालेली मजुरी, आणि सुनावणी पुढे ढकलली गेली की हे सारे पुन्हा. ज्याची जमीन वादात आहे अशा राधानगरीच्या किंवा जतच्या शेतकऱ्याला ३०८ किलोमीटरांचे हवाई अंतर ऐकवून काही साधण्यासारखे नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर येथील फिरते खंडपीठ १८ ऑगस्ट २०२५ पासून कामास लागले. त्या दिवसापासून या सहा जिल्ह्यांच्या दृष्टीने मुंबईचा एक भाग कोल्हापुरात आला. रत्नागिरीच्या पक्षकाराला आता आंबा घाट चढून यावे लागते. सरळ रेषेत रत्नागिरी कोल्हापूरपासून सुमारे १०५ किलोमीटरांवर आहे. रस्त्याने ते अंतर सव्वाशेच्या पुढे जाते, आणि पावसाळ्यात घाटात दरड आली की ते किती तासांचे होईल, हे त्या वाटेवरच्या एस. टी. चालकालाच विचारावे लागते.